वाचकांचे प्रश्न : मक्याची साखर

प्रश्न : शीतपेयावर 'हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप' असं लिहिलेलं असतं. ते साखरेपेक्षा जास्त घातक असतं म्हणतात. मग साखर घातलेलं पेय प्यायलं तर चालेल का?

घोळ त्या 'हाय' शब्दाने घातला आहे. तुलना साखरेशी नाही, मक्याच्या साध्या सिरपशी आहे आणि त्यात फ्रुक्टोज (ग्लुकोजसारखीच एक साधी साखर) जवळपास नसतंच. मक्याच्या स्टार्चचं एन्झाइमांनी आधी ग्लुकोज करतात, मग दुसऱ्या एन्झाइमाने त्यातल्या काही ग्लुकोजचं फ्रुक्टोज. शीतपेयांत मुख्यतः '५५' नंबरचं सिरप जातं. पाणी वगळता त्यात ५५ टक्के फ्रुक्टोज आणि सुमारे ४२ टक्के ग्लुकोज असतं. दुसरं सिरप '४२' नंबरचं, म्हणजे त्यात साखरेपेक्षाही कमी फ्रुक्टोज. साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे, फक्त एकमेकांना जोडलेले. हा जोड लहान आतड्यात सुक्रेज हे एन्झाइम तोडतं. पेय आंबट असेल तर तो बाटलीतच हळूहळू सुटत जातो आणि बाटली उबेला राहिली तर आणखी लवकर.

संशयाचं मूळ २००४ सालच्या एका लेखात आहे. अमेरिकेत या सिरपचा खप आणि लठ्ठपणा बरोबरीने वाढला, याकडे ब्रे, नील्सन आणि पॉपकिन या संशोधकांनी लक्ष वेधलं. शंका रास्त होती. पण तिथला खप १९९९च्या सुमारास कळसाला पोचून उतरू लागला आणि लठ्ठपणा मात्र वाढतच राहिला. माणसांवर साखर आणि सिरप यांची समोरासमोर तुलना केली, तेव्हा वजनात फरक दिसला नाही. तेव्हा उत्तर असं : सिरपच्या पेयाला जो नियम, तोच साखरेच्या पेयाला.

प्रश्न : मग फ्रुक्टोज यकृत बिघडवतं हे खोटं का?

खोटं नाही, प्रमाण सोडून सांगितलेलं आहे. ग्लुकोज शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो, आणि तिथे ग्लुकोजच्या मार्गात जो नियंत्रणाचा नाका आहे तो त्याला लागत नाही. पेशीला ऊर्जेची गरज असो वा नसो, ते आत येत राहतं आणि जास्तीचं चरबीत वळतं.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जादा वजनाच्या लोकांना दहा आठवडे रोजच्या ऊर्जेच्या २५ टक्के वाट्याइतकी पेयं दिली, काहींना ग्लुकोजची, काहींना फ्रुक्टोजची. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी मात्र फ्रुक्टोजवाल्यांत वाढली आणि इन्सुलिनचा परिणामही त्यांच्यातच मंदावला. पण निव्वळ फ्रुक्टोज एवढं रोज कोण पितं? म्हणून आम्हाला २०१५ची चाचणी जास्त उपयोगाची वाटते. तिच्यात ८५ तरुणांना दोन आठवडे या सिरपची पेयं दिली : ऊर्जेच्या ०, १०, १७.५ किंवा २५ टक्के. जेवणानंतरची ट्रायग्लिसराइडं (रक्तातली चरबी) आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, मात्रेच्या चढत्या क्रमाने वाढत गेलं. मात्रा महत्त्वाची, हे इथे उघड दिसतं.

उंदरांवरच्या प्रयोगांची बातमी वाचताना आधी मात्रा शोधा. ६० टक्के ऊर्जा फ्रुक्टोजमधून देणारे प्रयोग कितीतरी आहेत, आणि बातमीच्या मथळ्यात तो आकडा नसतो.

प्रश्न : घटकांच्या यादीत साखर तिसरी-चौथी असते, तरी पदार्थ गोडमिट्ट कसा?

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. गोडवा चार नावांत वाटला की प्रत्येक नाव खाली सरकतं. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज-फ्रुक्टोज सिरप, आयसोग्लुकोज या सगळ्यांची बेरीज डोक्यात करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे पोषणाच्या तक्त्यातली 'शर्करा' ही ओळ पाहणं. १०० मिलीमागे १०.६ ग्रॅम असेल आणि बाटली ३३० मिलीची, तर १०.६ गुणिले ३.३, म्हणजे ३५ ग्रॅम. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तर जवळजवळ नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी ऊर्जेच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास आणखी बरं असं म्हटलं. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. मध आणि फळांचा रसही याच हिशेबात येतो, अख्खं फळ येत नाही.

एक फट मात्र राहते : माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पूड. ते रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने वाढवतं, पण त्याच्या साखळ्या लांब असल्याने बहुतांशी 'शर्करे'त मोजलं जात नाही. त्यासाठी एकूण कर्बोदकांची ओळही वाचा.

प्रश्न : कडक गोळ्यांच्या कृतीत कॉर्न सिरप आहे. हाय फ्रुक्टोजवालं घालू का?

नको. साध्या सिरपमधल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून पाकात खडे धरत नाहीत. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं, त्यामुळे गोळ्या चिकट होतात. शिवाय ते साखरेच्या बरंच आधी करपतं आणि इथे पाक १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा असतो. सिरप नसेल तर किलोभर साखरेला २ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (एक आम्लधर्मी पूड) पुरे. आम्लाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात आणि तेच काम होतं. जास्त घातलंत किंवा मंद आचेवर पाक फार वेळ ठेवलात, तर साखर जास्त फुटते आणि गोळ्या पुन्हा चिकट.

प्रश्न : मधुमेह्यांनी फ्रुक्टोज घ्यावं का? साखर कमी झाली तर काय घ्यावं?

फ्रुक्टोजने रक्तातली साखर फारशी चढत नाही, पण यकृताचं वर सांगितलंच. गोडीसाठी मुद्दाम घेऊ नये. साखर उतरली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच परत द्या. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र साखर खाऊन वेळेवर उपयोग होत नाही. ही गोळी सुक्रेजलाच अडवते, त्यामुळे साखरेतला जोड तुटायला वेळ लागतो. अशांनी खिशात साखर नव्हे, ग्लुकोजच ठेवावं.