कॅनडा पीआरच्या (कायमच्या वास्तव्याच्या) अर्जात आधीच्या नोकरीची तारीख आणि कंपनीचं नाव चुकलंय, अर्ज सबमिट झालाय. आता काय करू?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. एक्सप्रेस एन्ट्रीतून (पीआरसाठी गुणांवर निवड करणारी ऑनलाइन पद्धत) फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे एफएसडब्ल्यू या कुशल कामगारांच्या कार्यक्रमाखाली अर्ज केलात, आयटीए (अर्ज करायचं आमंत्रण) आली, ई-एपीआर (पीआरचा ऑनलाइन अर्ज) भरून झाला. आता लक्षात आलंय की पहिल्या नोकरीची सुरुवात जून २०१८ लिहिली, प्रत्यक्षात तुम्ही ऑगस्ट २०१८ मध्ये रुजू झालात. जून ही ऑफर लेटरवरची तारीख. शिवाय हिंजवडीत ज्या क्लायंटकडे बसत होता त्याचं नाव कंपनी म्हणून लिहिलंत, पगार मात्र दुसऱ्याच पेरोल कंपनीकडून यायचा. ओळखीचा एजंट म्हणतोय, "राहू द्या, कोणी बघत नाही."

राहू देऊ नका. अधिकाऱ्याने विचारायच्या आत तुम्ही स्वतःहून लेखी कळवा. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली महत्त्वाची माहिती चुकीची देणं किंवा दडवणं म्हणजे मिसरिप्रेझेंटेशन. ते सिद्ध धरलं गेलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी लागते आणि त्या काळात पीआरसाठी अर्जही करता येत नाही. फॉर्म एजंटने भरला असला तरी जबाबदारी अर्जदाराचीच. "चुकून झालं" हे आधी सांगितलंत तर ती दुरुस्ती ठरते. पकडल्यावर सांगितलंत तर तो बचाव होतो, आणि तो बहुतेक वेळा टिकत नाही.

पत्र लिहायच्या आधी हिशेब करा. त्याच कायद्याच्या कलम ११.२ नुसार पात्रता आणि गुण दोन्ही दिवशी खरे असावे लागतात: आयटीए मिळाली त्या दिवशी आणि अर्ज पोचला त्या दिवशी. म्हणून खऱ्या तारखा घालून सीआरएस, म्हणजे उमेदवारांचा क्रम लावणारे गुण, पुन्हा मोजा. भारतातल्या अनुभवाचे गुण भाषेच्या जोडीने मिळतात. सीएलबी (भाषा चाचणीची कॅनेडियन पातळी) ९ किंवा वर असेल तर एक ते दोन वर्षांना २५ आणि तीन किंवा जास्त वर्षांना ५०. सीएलबी ७ ला हेच १३ आणि २५. तीन वर्षांच्या वर कितीही अनुभव असला तरी इथले गुण वाढत नाहीत. तुमचा एकूण अनुभव सहा वर्षांच्या पुढचा आहे, त्यामुळे दोन महिने कमी झाले तरी सीआरएस हलत नाही. एफएसडब्ल्यूच्या ६७ गुणांच्या चाळणीतही सहा वर्षांना १५ गुण मिळतात, तेही शाबूत राहतात. फक्त आयटीएच्या दिवशी सहा वर्षं दुरुस्तीनंतरही पुरी होती ना, एवढं कॅलेंडर घेऊन तपासा; नसतील तर १५ चे १३ होतात, तरी एकूण ६७ किंवा वर असलात की झालं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं गणित वेगळं असू शकतं. फॉर्ममध्ये तीन वर्षं एक महिना आणि खरा अनुभव दोन वर्षं अकरा महिने असेल, तर सीएलबी ९ ला थेट २५ गुण जातात. ज्या राउंडमध्ये (निवडफेरीत) आयटीए आली त्याचा कटऑफ तुमच्या नव्या गुणांच्या वर असेल तर त्या आयटीएवर तुमचा हक्कच नव्हता. आयटीएनंतर केलेल्या नोकरीचे महिने ती तूट भरत नाहीत. अशा वेळी अर्ज सबमिट झाला नसेल तर ६० दिवसांच्या आत आयटीए नाकारा, प्रोफाइल दुरुस्त करा, पूलमध्ये (उमेदवारांच्या यादीत) परत जा. नाकारलीही नाही आणि अर्जही केला नाही तर प्रोफाइल पूलमधून जातं, नवीन करावं लागतं. सबमिट झाला असेल तर मात्र नुसत्या पत्रावर भागत नाही. अर्ज मागे घेण्याचा विचार अधिकृत सल्लागाराशी बोलून लगेच करायला हवा.

आता कागद. माझा आग्रह असतो की आठवणीवर एकही तारीख लिहू नये. ईपीएफओच्या (पीएफ खात्याच्या) मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा. प्रत्येक कंपनीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख तिथे मिळते. पासबुक वाचताना एक घोळ हमखास होतो: ऑगस्टच्या पगाराची वर्गणी सप्टेंबरमध्ये जमा होते, त्यामुळे जमा झाल्याची तारीख बघणारा माणूस महिनाभर पुढे सरकतो. पगाराचा महिना बघा. नंतर फॉर्म १६ चा भाग अ काढा. त्यात कंपनीचं नाव, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि त्या वर्षात तिथे कधीपासून कधीपर्यंत होता तो कालावधी छापलेला असतो. २६एएसमध्ये (आयकर खात्याकडचा तुमच्या कराचा उतारा) टीडीएस कोणी कापला ते दिसतं. तुमच्या पेरोल कंपनीचा प्रश्न इथेच सुटतो, कारण तिन्ही ठिकाणी क्लायंटचं नाव कुठेच नसणार. अधिकाऱ्याने बँक स्टेटमेंट मागवलं तरी पगार पेरोल कंपनीकडूनच आलेला दिसेल. म्हणून एम्प्लॉयर म्हणजे पेरोल कंपनी; क्लायंटचं नाव कामाच्या वर्णनात, "अमुक क्लायंटच्या हिंजवडी ऑफिसात नेमणूक" असं.

सोडल्याची तारीखही याच बैठकीत तपासून घ्या. राजीनाम्याची तारीख, शेवटचा कामाचा दिवस आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. अर्जात शेवटचा दिवस रिलीव्हिंग लेटरमध्ये लिहिलाय तोच घ्या. ईपीएफओवर एचआरने चुकीची तारीख टाकली असेल तर ती जॉइंट डिक्लरेशन (दुरुस्तीचा अर्ज) देऊन दुरुस्त होते. त्याला वेळ लागतो, पण तोवर पत्र अडवून ठेवायची गरज नाही. फरक का आहे ते पत्रात लिहा आणि रिलीव्हिंग लेटर जोडा.

पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. एक तारीख दुरुस्त केली की दुसरीकडे भोक पडतं. पर्सनल हिस्टरीत मागच्या दहा वर्षांचा एकही महिना मोकळा चालत नाही. तुमची नोकरी ऑगस्टपासून धरली की जून-जुलै २०१८ उघडे पडतात. तिथे बेरोजगार असल्याची स्वतंत्र नोंद कळवा, शहर पुणे. याचे गुण कापले जात नाहीत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षभर एमपीएससीची तयारी केलेली मुलं ते वर्ष लपवायला नोकरीचं टोक ओढून घेतात. ते करू नका, तयारीचं वर्ष तयारीचंच लिहा. रिकाम्या महिन्यांमुळे अर्ज बुडत नाही, खोट्याने भरलेल्या महिन्यांमुळे बुडतो.

संदर्भपत्राशी दुरुस्ती जुळली पाहिजे. ते पेरोल कंपनीच्या लेटरहेडवर हवं आणि त्यात हुद्दा, नेमकी कामं, तारखा, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, सही करणाऱ्याचं नाव-पद-संपर्क हे सगळं हवं. कामं लिहिताना एनओसीचा (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाचा) मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, अधिकाऱ्यांना तो पाठ असतो. प्रत्यक्ष काय करत होता ते लिहून घ्या आणि ते तुमच्या पाच आकडी कोडशी, उदाहरणार्थ २१२३२ म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर, जुळतंय का ते पाहा. एचआर "कामांचा तपशील देणं पॉलिसीत बसत नाही" म्हणालं तर तारखांचं साधं अनुभवपत्र घ्या. त्याला त्या वेळच्या मॅनेजरचं किंवा क्लायंटकडच्या लीडचं शपथपत्र जोडा, शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरी करून. सोबत एचआरचा नकाराचा ईमेल आणि पगाराच्या स्लिपा ठेवा. पत्रातच तारीख चुकली असेल तर पेनाने खाडाखोड करून चालत नाही, नव्या तारखेचं नवीन पत्र घ्या.

पत्र एका पानात मावलं पाहिजे. वर पूर्ण नाव, अर्ज क्रमांक, यूसीआय (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक). खाली तीन रकान्यांचा तक्ता: फॉर्मचा विभाग, लिहिलेली माहिती, खरी माहिती. तुमच्या बाबतीत तीन ओळी होतील: सुरुवातीची तारीख, एम्प्लॉयरचं नाव, आणि जून-जुलैची नवी नोंद. वर्क हिस्टरी आणि पर्सनल हिस्टरी हे वेगळे विभाग आहेत, दोन्हींत चूक असेल तर दोन्हींचा उल्लेख हवा. मग चूक कशी झाली ते दोन वाक्यांत. "ऑफर लेटरची तारीख रुजू तारीख समजून लिहिली" इतकं पुरे. रडगाणं नको, एजंटवर ढकलणं नको. त्यानंतर दुरुस्त सीआरएस आणि तो आयटीएच्या वेळच्या गुणांइतकाच राहतो हे स्पष्ट लिहा. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी आणि सही.

सबमिट झालेला फॉर्म उघडत नाही, म्हणून हे सगळं आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवरून पाठवायचं. पत्र आणि पुरावे एकाच वेळी, एकाच पीडीएफमध्ये. पोच आली की तिचा स्क्रीनशॉट ठेवा. रोज नवीन वेबफॉर्म टाकू नका, अधिकाऱ्याला तुकडे जोडत बसावं लागतं आणि दोन पत्रांत फरक पडला तर नवा प्रश्न उभा राहतो. पूर्वी कॅनडाचा व्हिजिटर किंवा स्टुडंट व्हिसा मागितला असेल तर त्या फॉर्मची प्रत काढा आणि तिथली नोकरीची माहितीही याच पत्राशी ताडून पाहा. जुने अर्ज त्यांच्याकडे असतात.

दरम्यान प्रोसीजरल फेअरनेस लेटर (निर्णयाआधी शंका कळवून खुलासा मागणारं पत्र) आलं तर घाबरून गप्प बसू नका. त्यात उत्तराची मुदत दिलेली असते. ती पाळा, कागद मिळायला उशीर होत असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा. या टप्प्यावर मात्र स्वतः उत्तर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. कॅनडाचा वकील किंवा आरसीआयसी (परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार) घ्या, आणि आरसीआयसीचं नाव त्यांच्या कॉलेजच्या (नियामक संस्थेच्या) सार्वजनिक रजिस्टरवर स्वतः शोधून खात्री करा. तुमच्या एजंटचं नाव तिथे नसेल, तो कॅनडाचा वकीलही नसेल आणि त्याने पैसे घेऊन फॉर्म भरला असेल, तर तो अनधिकृत आहे. अकाउंटचा पासवर्ड आजच बदला आणि त्याने आणखी काय काय भरलंय ते ओळीन् ओळ वाचून काढा. बाकी चुका सापडल्या तर त्याही याच पत्रात जाऊ द्या.