बॉयलर सारखा पेटतो-विझतो, बिघडलाय का? वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडात घड्याळं तासभर मागे गेली की मला आपल्या इथल्या मराठी घरांमधून बॉयलरबद्दल, म्हणजे घर आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राबद्दल, तेच ते प्रश्न यायला लागतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: हीटिंग बंद असतानाही कॉम्बी बॉयलर मधूनच पेटतो. गॅस लीक आहे का? (लेस्टर)

नाही, तो प्रीहीट आहे. कॉम्बी म्हणजे रेडिएटर तापवणारा आणि नळाचं पाणीही साठवण न करता लगेच तापवून देणारा बॉयलर. नळाला गरम पाणी लवकर यावं म्हणून थोडं पाणी तापवून ठेवतो, नको असेल तर ती सेटिंग बंद करा. गॅसचा वास आला तर मात्र मला विचारत बसू नका, ०८०० १११ ९९९ ला लगेच फोन.

प्रश्न: थर्मोस्टॅट २५ वर ठेवला की घर लवकर तापतं ना?

नाही. तितक्याच वेगाने तापतं, फक्त थांबत नाही.

प्रश्न: बॉयलर दोन मिनिटं चालतो, बंद पडतो, परत पेटतो. एकजण म्हणाला ३० किलोवॉटचा कमी पडतोय, ३५ चा बसवा. बसवू का? (स्लाउ, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर)

अजिबात सही करू नका! बॉयलर विझणं हा मुळात बिघाड नाहीच. खोलीतला थर्मोस्टॅट उष्णता मागतो, बर्नर पेटतो, पाणी ठरलेल्या तापमानाच्या थोडं वर गेलं की बर्नर विझतो, पंप फिरत राहतो, पाणी निवलं की परत पेटतो. पण दर दोन मिनिटांनी पेटणं वाईट, त्यात गॅस वाया जातो आणि पार्ट झिजतात. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा बॉयलर लहान असणं नाही, मोठा असणं आहे. तुमच्यासारख्या घराला कडाक्याच्या थंडीत साधारण सहा ते आठ किलोवॉट लागतात, ऑक्टोबरात दोन-तीनच, आणि बॉयलर पाच-सहाच्या खाली उतरूच शकत नसेल तर तो विझणारच. ३० हा आकडा शॉवरसाठी असतो, मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण २४ किलोवॉट लागतात, रेडिएटरना तेवढे कधीच लागत नाहीत. ३५ चा घेतलात तर त्रास तसाच राहील नाहीतर वाढेल, वर पैसे गेले ते वेगळेच. घरातून उष्णता किती बाहेर जाते हे न मोजता नुसते रेडिएटर मोजून कोटेशन देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण भुर्दंड नुकतं घर घेतलेल्यांना पडतो.

आधी बघा, रिकाम्या खोल्यांचे व्हॉल्व्ह सगळे बंद केलेत का? मग उष्णता जायला जागाच उरत नाही. हीटिंगचं कमाल आउटपुट खाली आणायची सेटिंग बऱ्याच बॉयलरमध्ये असते, पण ती गॅस सेफ नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडूनच करून घ्या. फ्लो टेंपरेचर, म्हणजे रेडिएटरकडे निघणाऱ्या पाण्याचं तापमान, कॉम्बीवर ६० च्या आसपास आणा. त्याने पेट-विझ थांबेलच असं नाही, पण परत येणारं पाणी ५५ च्या खाली राहिलं तरच कंडेन्सिंग बॉयलर वाफेतली उष्णता परत मिळवतो, ८० वर ठेवून तो फायदा मिळत नाही. घरात गरम पाण्याचं सिलिंडर असेल तर हे स्वतःहून करू नका, त्यातलं पाणी लिजिओनेला जंतूंमुळे ६० ला तापायलाच हवं, इंजिनिअरला विचारा.

प्रश्न: हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवणं स्वस्त पडतं असं मेव्हणे म्हणतात.

ऐकीव गोष्ट. घर जितका वेळ गरम तितकी उष्णता बाहेर जाते. कामावर जाताना कमी करा. घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर मात्र बचतीसाठी घर गार ठेवू नका.

प्रश्न: प्रेशर दर आठवड्याला १ बारच्या खाली येतं, मी पाणी भरतो. गेल्या हिवाळ्यापासून चाललंय.

गेल्या हिवाळ्यापासून?! बंद सर्किटमधलं पाणी आपोआप संपत नाही, कुठेतरी गळतंय नाहीतर एक्सपान्शन व्हेसल (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) बिघडलंय, आणि दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जाऊन रेडिएटर आतून गंजतात. तोच गाळ पुढे पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतो. या आठवड्यातच इंजिनिअर बोलवा, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आजच लेखी कळवा.