नाही म्हणायचं ते उंबऱ्याबाहेर

प्रिय बाबू,

तुझे तिन्ही मेसेज सकाळी एकदमच वाचले. रात्री नऊचा: "काका, रविवारी आम्ही दोघं जाऊन येतो." दहाचा: "नको वाटतंय." साडेअकराचा: "तुम्ही सांगाल तसं." एका फुकटच्या सहलीसाठी नवराबायको साडेअकरापर्यंत जागलात. म्हणजे त्या टाइमशेअरवाल्यांचं, रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा विकणाऱ्यांचं, निम्मं काम पणजीच्या हॉटेलात तुमचं पाऊल पडण्याआधीच झालं.

'जपून राहा, फसवणूक असते' वगैरे मी लिहिणार नाही. तुझे बाबा आणि मी डिचोलीला खाणीच्या एकाच वजनकाट्यावर होतो. त्या माणसाने ट्रकामागे ट्रक मोजले आणि कधी कुणाचा चहासुद्धा ओशाळवाणा होऊन घेतला नाही. त्याच्या मुलाला हे सांगायला नको. तुझा प्रश्न वेगळा आहे आणि खरा आहे. घ्यायचं नाही हे पक्कं असेल, तर दोन तास त्यांचं बोलणं ऐकत बसून तीन रात्री चार दिवसांचं कूपन आणि वर ती इंडक्शन शेगडी घेऊन यायला काय हरकत आहे?

हरकत एवढीच, की नाही म्हणायचं ते उंबऱ्याबाहेर म्हणायचं असतं. आत बसून, त्यांचं सरबत पिऊन, गार हवेत पाय पसरून म्हणायचं नसतं. तुला वाटतं 'नाही' हा एक शब्द आहे, कुठेही उभं राहून म्हटला तरी तोच. तसं नाही रे.

हे मी कुठून सांगतोय ते तुझ्या बाबांना ठाऊक आहे, तुला नसेल. काट्यावर लागायच्या आधी, १९९७ ते ९९, मी कळंगुट-कांदोळीच्या रस्त्यावर स्क्रॅच कार्डं वाटायचो. लुना, पांढरा शर्ट आणि खिशात कार्डांचे दोन गठ्ठे. तेव्हा गॅटविक-मँचेस्टरहून चार्टर विमानं दाबोळीला उतरायची आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं उन्हाने लाल होऊन रस्त्यावर दिसायची. जोडपं दिसलं की एक कार्ड नवऱ्याला, एक बायकोला. नवऱ्याचं खरवडलं की टी-शर्ट. बायकोचं खरवडलं की पहिलं बक्षीस. कुठलं कार्ड कुठल्या गठ्ठ्यातलं ते आम्हाला माहीत असायचं. तरी तिच्यापेक्षा जास्त उड्या आम्हीच मारायच्या. "बाई, तीन महिन्यांत हे कार्ड पहिल्यांदा निघालं!" सकाळी अकराच्या आत तसं तीनदा निघालेलं असे.

मग टॅक्सी बोलवायची आणि त्यांना रिसॉर्टवर पोचवायचं. तिथे ते दीड तास बसले की माझे पैसे झाले. त्यांनी आठवडा विकत घेतला काय, न घेतला काय, मला फरक नाही. आमच्या भाषेत जोडपं म्हणजे 'अप'. एकटा माणूस, मित्रमित्र, बेकार पोरगा म्हणजे 'एनक्यू', नॉट क्वालिफाइड, त्याला कार्ड द्यायचं नाही. तू म्हापशाला पेट्रोल पंपावर पेटीत चिठ्ठी टाकलीस, तिच्यावर लग्न झालंय का, दोघं कमावता का, महिन्याला किती, हे सगळं भरून घेतलं ना? आणि फोनवर निक्षून सांगितलं ना, की दोघांनी मिळूनच यायचं, क्रेडिट कार्ड बरोबर आणायचं? सोडतीत नंबर लागला असता तर एकटा जाऊनही बक्षीस मिळालं असतं. लागलेला नंबर तुझा नाही, तुमच्या दोघांच्या पगाराचा आहे.

ही कल्पना मूळची युरोपातली. १९६० च्या दशकात तिथे निघाली, एका खोलीचे वर्षाचे आठवडे पाडून वेगवेगळ्या माणसांना विकायचे. कल्पना वाईट नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली, तेव्हापासून आपला आठवडा दुसऱ्या गावच्या आठवड्याशी बदलूनही मिळू लागला. लाल, पांढरा, निळा असे हंगामांचे रंग ठरले. लाल म्हणजे सगळ्यांना हवा असतो तो काळ, पांढरा त्याखालचा. ब्रिटनने १९९२ मध्ये कायदा करून सही केल्यावर १४ दिवसांत मागे फिरायची सोय केली. पुढे युरोपीय संघानेही तशीच मुदत दिली आणि त्या मुदतीत पैसे घ्यायलाच बंदी घातली. एवढ्या शिकल्यासवरल्या देशांना असा कायदा का करावा लागला, याचा विचार कर. खोलीतून बाहेर पडल्यावरच माणसाचं डोकं ठिकाणावर येतं, हे त्यांना कळलं होतं म्हणून. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. तुझे १४ दिवस तुलाच ठरवायचे, आणि ते सहीच्या आधी.

आता तू म्हणशील, काका, फुकटचं घेऊन उठून जाणारे पण असतीलच की. असतात. खोटं कशाला बोलू? कांदोळीला एक इंग्रज म्हातारा-म्हातारी दर हिवाळ्यात यायची. सत्तरीची असतील. आल्या आल्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, नव्वद मिनिटं बोला, मग आमची वाइनची बाटली द्या. नव्वदाव्या मिनिटाला उठायची. आमचे क्लोजर, म्हणजे शेवटी सही करून घेणारे, दात-ओठ खायचे. पण त्या दोघांना काही नकोच होतं रे! पोरंबाळं मार्गी लागलेली, जग बघून झालेलं, दुपारी बाटली आणि संध्याकाळी बागाचा किनारा. ज्याला काही नको, त्याने खुशाल बसावं. तुझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. तुम्हाला दोघांना पुष्कळ काही हवंय, आणि ते असावंच.

तिथे खोली विकत नाहीत, पुता. पहिली वीस-पंचवीस मिनिटं खोलीचं नावसुद्धा निघत नाही. समोरचा गोड पोरगा तुझ्या बायकोकडे वळून विचारतो, "मॅडम, तुम्हाला कुठे जायला आवडेल?" आणि गप्प बसतो. उत्तर येईपर्यंत गप्पच. हे मला शिकवलेलं होतं, मी शेकडो बायकांना ते विचारलं होतं.

तरी २००५ मध्ये मी बसलो.

होय, मीच. लग्नाला पाच वर्षं झाली होती, खाणीवर पगार बरा होता, पणजीच्या एका हॉटेलात बोलावणं आलं. भेट म्हणून प्रेशर कुकर. मी तुझ्या काकूला म्हटलं, चल, गंमत दाखवतो, सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. आत मोठ्याने गाणी लागलेली, गोल टेबलं, कुणी सही केली की फुगा फुटायचा आणि टाळ्या. मी काकूच्या कानात सांगत होतो, आता हा हे विचारेल, आता तो कागदावर हॉटेलचं भाडं पंचवीस वर्षांनी गुणेल, आता मॅनेजर येईल आणि किंमत पाडेल. सगळं तसंच होत होतं. मी खुशीत.

मग त्या पोराने तिला विचारलं, तुम्हाला कुठे जायला आवडेल? आणि ती म्हणाली, "मुन्नारला. चहाचे मळे बघायचेत."

पाच वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं. डिचोली, साखळी, नार्व्याचं सप्तकोटेश्वर, चवथीला माहेर. मला वाटायचं गोव्यात राहणाऱ्याला सहलीला कशाला जायला हवं, लोक इथे येतात! ती मान खाली घालून टेबलावरचा चहाच्या मळ्याचा फोटो बोटाने चाचपत होती. त्यानंतर त्या पोराने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. युक्त्या पाठ असलेला माणूस युक्त्यांना फसला नाही, बायकोच्या बोटाला फसला. १ लाख ६० हजार. पंचवीस वर्षं, पांढरा हंगाम, वर्षातून एक आठवडा. कुकर मिळाला, अजून आहे, शिटी बदललीय.

म्हणून सांगतो, नाही म्हणायचं ते उंबऱ्याबाहेर. मला आत बसून म्हणता आलं नाही, आणि घरी बसूनही साडेअकरापर्यंत ज्याचं ठरलं नाही तो तू म्हणे आत बसून म्हणणार आहेस!

पुढचं पटकन सांगतो, कारण मला त्याचा राग येतो. दिवाळी कधी मिळाली नाही, मे कधी मिळाला नाही. फोन केला की "त्या तारखा भरल्यात सर." २००६ मध्ये जुलैत मुन्नार मिळालं. गोव्याच्या पावसातून निघून केरळच्या पावसात. मडगावहून रात्रभर रेल्वे, एर्नाकुळमहून घाटातली बस, आणि सात दिवसांतले सहा दिवस खिडकीला धुकं. नंतर दोन ठिकाणी गेलो. सात वर्षांत तीन आठवडे. वर्षाची देखभाल फी साडेपाच हजारांवरून नऊ हजारांवर गेली, वापरा नाहीतर नका वापरू. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. काटा बंद, पगार बंद, पण फीचं पत्र वेळेवर. ती मी भरली नाही. मग थकबाकी, थकबाकीवर व्याज, आणि थकबाकी असताना आठवडा मिळत नाही. मी एकदा काट्यावरच्या वहीत हिशोब मांडला होता. किंमत आणि फी मिळून २ लाख १० हजारांच्या घरात, भागिले तीन. सत्तर हजारांना एक आठवडा. त्या वर्षी मुन्नारला रात्रीला अडीच हजारांत बरी खोली मिळत होती.

तुझं ते कूपन नीट वाच, म्हणजे मागची बारीक बाजू. माझ्या कुकराबरोबरही एक कूपन होतं. राहणं फुकट, पण जेवण तिथेच घ्यायचं आणि त्याचे पैसे आधी भरायचे. तारखा तीन द्यायच्या, त्यातली कुठली ते तेच ठरवणार. शनिवार-रविवार नाही, सणवार नाही, नाताळ तर नाहीच. ते मी कधी वापरलं नाही. आणि वापरलं असतं तरी त्या फुकटाचे पैसे कुणी भरले असते? शेजारच्या टेबलावर फुगा फुटलेला तो माणूस. त्याच्या किमतीत माझा कुकर होता, माझ्या किमतीत आणखी कुणाची तरी शेगडी.

गेलासच तर काय करायचं, ते मी सांगणार नव्हतो. पण तुझी ती बघतेय वाट, आणि तू ऐकणाऱ्यातला असतास तर तीन मेसेज केले नसतेस. क्रेडिट कार्ड घरी ठेव, दोघांचीही. तो पोरगा ज्या कागदावर आकडे लिहील तो तुला घरी नेऊ देणार नाही. का, ते विचार. तोंडी दिलेलं वचन करारात शोध. बहुधा तिथे 'तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत' असं वाक्य सापडेल. सही झालीच तर त्याच रात्री लेखी रद्द कर, 'बघू' म्हणत वर्षं घालवू नकोस. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची, आणि मी ती बसल्या जागी घालवली. २०१९ च्या कायद्यानंतर आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. हे सगळं आत गेलेल्या माणसाचं औषध आहे. बाहेर असलेल्याला औषध लागत नाही.

तुला वाटेल, काका स्वतः फसले म्हणून आम्हाला बसू देत नाहीत. असू दे. पण मी अगदीच मूर्ख होतो असंही नाही. ती सही केली नसती तर मी तिला मुन्नारला नेलंच नसतं. स्वतःला ओळखतो मी. पैसे खिशातून आधीच गेले होते म्हणून उठून गेलो. तीन वेळा का होईना, काट्यावरून रजा काढली. तुझे बाबा हसायचे तेव्हा. त्यांनी एकदाही काढली नाही. त्यामुळे ते पैसे सगळेच वाया गेले असं मी कुणाला म्हणू देत नाही. तुलाही नाही. तू मात्र ते माझ्यासारखं उलट्या बाजूने शिकू नकोस. तिला आज रात्री जेवताना विचार, कुठे जायचंय म्हणून. आणि विचारून गप्प बस, त्या पोरांसारखा. ती सांगेल तिथे जून ते सप्टेंबरात, आडदिवशी, स्वतःचे पैसे मोजून जा. दोन रात्री तर दोन रात्री. आंबोलीसुद्धा चालेल, साखळीहून लांब नाही.

शनिवारी त्यांचा पक्कं करायला फोन येईल. तेव्हा तूच उचल, तिच्याकडे देऊ नकोस. "जमणार नाही" एवढंच म्हण. कारण सांगू नकोस. कारण सांगितलं की त्याला उत्तर तयार असतं. आणि रविवारी चारला दोघं इकडे या. काकू उंड्ड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचा तोंडाक करणार आहे, त्याच कुकरात.

ती इथेच शेजारी बसून वाचतेय. म्हणते, बाकी सगळं बरोबर लिहिलंत, पण पाऊस सहा दिवस नव्हता, पाच दिवस होता. एक अख्खी दुपार ऊन पडलं होतं, मळे खालपर्यंत दिसत होते. तुम्ही झोपला होता.

तुझा,
काका