गाणं ऐकायला येतात, बिल होतं जेवणाचं

गाण्याच्या क्लबचा तुझा प्लॅन वाचला. पुण्यात दीडशे माणसांची जागा, रोज बँड आणि सगळा खर्च तिकिटावर. बाबा रे, तिकिटाचा पैसा कलाकार, साउंडवाला आणि जीएसटी यांतच जिरतो. भाडं निघतं ते किचन आणि बारवर.

न्यूयॉर्कच्या क्लबमालक पीटर शपिरोचं बघ. 1990च्या दशकात त्याने वेटलँड्स हा क्लब चालवायला घेतला. तो 2001मध्ये बंद झाला. 2009 साली त्याने ब्रुकलिन बोल काढलं. एकाच छताखाली स्टेज, 16 लेनचं बोलिंग आणि फ्राइड चिकन. बँड न आवडणारा माणूसही तिथे दोन तास पैसे खर्च करत बसतो. (मला बोलिंगचा कंटाळा, पण हिशेब पटतो.) जेवणासाठी त्याने ब्लू रिबन या नावाजलेल्या रेस्टॉरंटवाल्यांना धरलं, हे विशेष. 2012मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट चेस्टर गावातलं 1926 सालचं कॅपिटल थिएटर पुन्हा सुरू केलं. ब्रुकलिन बोलची लंडनची शाखा मात्र 2014ला उघडून तीन वर्षांत मिटली. तरी गडी थांबला नाही.

आता तुझं. दारूचा परवाना आणि गाण्यांचे हक्क यांचा खर्च आधी मांड. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर नाही, म्हणजे गच्ची विसर. माझ्या पहिल्या जागेत साउंडप्रूफिंगला पैसे उरले नव्हते. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दर शनिवारी पोलीस आणले. करारावर सही करण्याआधी शेजारच्या जिन्यात रात्री उभा राहून ये.