ज्याचं आयुष्य आपल्यासारखं नव्हतं त्याची कविता आपली कशी वाटते?

तुम्ही विचारलंय की ज्या कवीला आपण कधी भेटलो नाही, ज्याचं जगणं आपल्यापेक्षा पार वेगळं होतं, त्याची कविता वाचून गलबलून येतं तेव्हा आपल्याला त्याचं दुःख कळलेलं असतं का, की आपण आपलंच दुःख त्याच्या शब्दांत ओतत असतो. माझ्या मते सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच दुःखापासून होते, पण कविता चांगली असली की ती आपल्याला तिथंच बसू देत नाही. मला हे बहिणाबाई चौधरींच्या दोन ओळींमुळे कळलं म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

पुशीसनी म्हणजे पुसून. बहिणाबाईंना तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात तीन मुलं, शेतातलं काम, आणि लिहिता वाचता येत नव्हतं. कॉलेजात असताना मी या कवितेवर रसग्रहण लिहिलं होतं, त्यात मी म्हटलं होतं की कुंकू हे सौभाग्याचं प्रतीक, ते पुसलं गेलं आणि नशिबातलं दुःख समोर आलं वगैरे. मार्क चांगले पडले. तेव्हा माझं स्वतःचं एक ॲडमिशन हुकलं होतं आणि नशीब या शब्दाशी माझं तेवढंच नातं होतं, म्हणजे मी त्या ओळीत माझं हुकलेलं ॲडमिशन वाचत होतो हे आता कळतं.

मग काही वर्षांनी सुट्टीत आजीकडे गेलो होतो, संगमनेरजवळ. ती मेथी निवडत होती आणि मी फोनवर ही कविता वाचत होतो, ती म्हणाली मोठ्यानं वाच की. मी वाचली. ती म्हणाली परत म्हण. परत म्हटली. मग म्हणाली, "आरं, कुंकू लावलेलं असतंय तिथं ऊन लागतंय व्हय? पुसलं की तेवढीच जागा पांढरी दिसती. आरशात बघाया नको वाटायचं." आणि परत मेथी निवडायला लागली.

मी गप्पच झालो. माझ्यासाठी रेखा म्हणजे नशिबाची रेघ, एक कल्पना. तिच्यासाठी कपाळावरची खरीखुरी जागा, जी वर्षानुवर्षं झाकलेली होती आणि एका दिवसात सगळ्या गावाला दिसायला लागली. बहिणाबाईंच्या मनात नेमकं हेच होतं असं मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यांच्याच दुसऱ्या एका गाण्यात 'कुंकू पुसलं पुसलं, आता उरलं गोंदन' अशी ओळ आहे, म्हणजे कपाळ, कातडी, गोंदण हे सगळं त्यांना डोळ्यासमोर दिसतच होतं. माझी आजी त्यांना कधी भेटली नाही, खानदेशात गेलेली नाही, याच कवितेत पुढे येणारा 'तयहात' म्हणजे तळहात हे मला तिला सांगावं लागलं, तरी त्या ओळीचा अर्थ माझ्यापेक्षा तिच्याकडे जास्त होता आणि तिच्यामुळे तो माझ्याकडे आला.

आणि हे का होतं याचं कारण मला त्या ओळींच्या बांधणीतच दिसतं. त्यात 'मी दुःखी आहे' असं कुठंच नाही. आहे ते कुंकू, रेखा, पुसणं. भावना सांगितली असती तर आपण 'हो का, वाईट झालं' म्हणून पुढे गेलो असतो, पण वस्तू दिली की ती हातात घेऊन बघावीच लागते आणि बघताना आपापलं आयुष्य कामाला लागतं. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ऐकून ज्याला कधी चटका बसलाय तो प्रत्येक जण हात मागे घेतो. शिवाय लय आहे. मोजून बघा, एकेका चरणात आठ अक्षरं, ल-पे-क-र-मा-ची-रे-खा. आजीनं ती ओळ जात्यावरच्या चालीत म्हणून बघितली तर लगेच बसली. म्हणजे अर्थ कळायच्या आधीच तिचा श्वास त्या बाईच्या श्वासाच्या मापात आला होता, मला वाटतं अर्धं काम तिथंच होतं.

जात्यावरच्या ओव्यांचंही असंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्यांची मूळ बाई कोण ते कोणालाच माहीत नाही, जी दळायला बसेल ती त्यात आपल्या भावाचं, लेकाचं नाव घालून गाते. ऐकणारी आणि रचणारी यात फरकच उरत नाही.

आता तुमच्या शंकेचा दुसरा भाग, आपण आपलंच ओततो का. त्याच कवितेत पुढे ती देवाला म्हणते,

देवा, तुझ्याबी घरचा झरा धनाचा आटला
धन-रेखाच्या चऱ्यानं तयहात रे फाटला

ज्योतिषी तळहातावरची धनरेषा बघतो आणि इथं रेषा कुठली, कामानं हाताला चरे पडलेत, हात फाटलाय. ही ओळ वाचून मी माझ्या हाताकडे बघितलं, दिवसभर लॅपटॉपवर चालणारा मऊ हात. इथं मला माझं काही ओतता येईना. माझं ॲडमिशन इथं चालत नाही, ब्रेकअप चालत नाही. तो हात माझा नाहीये आणि कधी होणार नाहीये, आणि ते कळलं तेव्हाच मला ती बाई पहिल्यांदा माझ्यापासून वेगळी, तिची तिची अशी दिसली. सहानुभूती म्हणजे 'मलाही अगदी असंच झालं होतं' असं आपण धरून चालतो, मला ते अर्धवट वाटतं. ज्या ओळीशी माझं काहीच जुळत नाही तिथं मी थांबलो आणि तरी पान उलटलं नाही, तेव्हा मला ती कळायला लागली.

अजून एक गोष्ट मला नेहमी हलवते. बहिणाबाईंनी हे वाचकासाठी रचलंच नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्याला 1880 साली जन्म, आयुष्यभर शेतात आणि घरात काम करता करता गाणी म्हणत राहिल्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगानं ती उतरवून ठेवली. 1951 ला त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे म्हणाले हे तर बावनकशी सोनं आहे, आणि 1952 ला पुस्तक आलं. म्हणजे ती वही कपाटात राहिली असती तर माझी आजी आणि त्या, या दोघींची ही भेट झालीच नसती. मी हे लिहितानाही मला त्याची धास्ती वाटते.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर एखादी कविता मनात न वाचता घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा, अर्थ समजावून सांगू नका, फक्त वाचा आणि ते कुठं थांबवतात ते बघा. आजीला वाचता येत नाही, त्यामुळे मी गेलो की ती म्हणते त्या बाईचं वाच. 'झाड गेलं निंघीसनी, मांघे सावली उरली' ही ओळ आली की ती हात वर करते, म्हणजे थांब. मी थांबतो. थोड्या वेळानं ती म्हणते, हं, पुढं.