शॉक बदलण्याआधी पाना फिरव

चोर्ला घाटात बाइकचं मागचं चाक उसळतं म्हणून लगेच महागडा मोनोशॉक (मागचा एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घेऊ नकोस रे. आधी थंड टायरची हवा बघ, मग सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती दबते ते, मोज. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून सीटखाली केलेल्या खुणेपर्यंत अंतर घे. हेल्मेट-जॅकेटसकट बसून पुन्हा घे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा. माप मित्राला घ्यायला लाव, तू वाकलास की ते चुकलंच.

सॅग जुळवायला प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) कमी-जास्त करतात. पण प्रीलोड आवळून स्प्रिंग कडक होत नाही, मागची उंची बदलते. इथेच बहुतेक नवखे फसतात.

रिबाउंडचा स्क्रू (दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा) एकावेळी दोनच क्लिक फिरव, जुनी सेटिंग लिहून ठेव.

आणि शॉकच्या दांड्यावर ओशट दिसलं तर आतलं तेल अडवणारं सील गेलंय. मी पावसाळाभर तो चिखल समजून पुसत होतो.