सीबीडी (भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक) तेलाच्या बाटलीवर ‘लिमोनीन’ लिहिलेलं असतं. ते नेमकं काय करतं?

नागपुरी संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबून बघा. बारीक फवारा उडतो आणि ज्योत तडतडते. त्या फवाऱ्यात बहुतांश लिमोनीनच असतं. हेच टर्पीन, म्हणजे वनस्पतींना वास देणारं रसायन, भांगेच्या झाडातही असतं, म्हणून काही तेलांना लिंबासारखा वास येतो.

सीबीडी आणि लिमोनीन एकत्र घेतली की सीबीडीचा परिणाम वाढतो, असं विक्रेते सांगतात. घटकांनी एकमेकांचा परिणाम वाढवण्याला ‘आँतुराज इफेक्ट’ म्हणतात. हा शब्द 1998 सालचा, पण सीबीडी-लिमोनीन जोडीसाठी माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना 20 जणांच्या चाचणीत लिमोनीनमुळे अस्वस्थता कमी झालेली दिसली, पण ती भांगेतल्या नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकामुळे होणारी अस्वस्थता होती! सीबीडीची नव्हे. उलट, अपस्मारावर 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एपिडिओलेक्स हे औषध शुद्ध सीबीडी आहे, त्यात टर्पीनची जोड नाही.

त्यामुळे केवळ लिमोनीनसाठी जास्त पैसे मोजू नका. बाटली घट्ट बंद ठेवा, हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन त्वचेला खाज आणू शकतं. आणि घरात कुणी वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा फिटच्या गोळ्या घेत असेल तर सीबीडी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच, कारण ते या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.